पाहुणा की कूळ?

गौरी-गणपतींचे विसर्जन होऊन पितृपंधरवडा लागला, की आमच्या गडहिंग्लजच्या घरी परसातील जुन्या आंब्यावरून एके दिवशी सकाळी ‘चि-विट्, चि-विट्’ असा बारीक परंतु धारदार आवाज ऐकू येऊ लागतो. काल नव्हता, तो आज आहे. आवाज करणारा मात्र सहजासहजी दृष्टीस पडत नाही. मान दुखेपर्यंत वर पाहत राहावे, तेव्हा कोठे एखादे पान वाऱ्याशिवाय हलल्याचा भास होतो, आणि ते पान नसून पक्षी असल्याचे ध्यानात येते. हाच हिरवट पर्णवटवट्या. लांबीने चार बोटे, वजनाने सुमारे आठ ग्रॅम. म्हणजे सोन्याच्या आजच्या हिशेबाने एक तोळाही भरावयाचा नाही. एवढासा हा जीव सैबेरिया व मध्य आशियाकडील अरण्यांतून आलेला असतो, हे प्रथम सांगितले असता आमच्या घरी कोणाचाच विश्वास बसला नव्हता.

वटवट्या हे कुलनाम मोठे समर्पक आहे. या कुळातील पक्ष्यांना रूपाचे वरदान नाही. विधात्याने सारी भरपाई वटवटीत केलेली दिसते. त्यांपैकी काही आपल्या येथील कायमचे रहिवासी होत. जास्वंदीची किंवा लिंबाची पाने शिवून घरटे करणारा शिंपी सर्वांच्या परिचयाचा आहे. उसाच्या फडाच्या कडेला शेपटी उभारून बसणारा राखी वटवट्याही बारमाही येथेच असतो. परंतु हिवाळ्यात त्यांच्यात पाच-सहा जातींचे परदेशस्थ सोयरे येऊन मिसळतात, आणि तेथून नवशिक्याचा गोंधळ सुरू होतो. सारेच हिरवट नाही तर तपकिरी, सारेच चंचल, बहुतेकांच्या डोळ्यांवर फिकट भुवई. कोणास काय म्हणावे?

या गोंधळाची लाज वाटू देण्याचे कारण नाही. इंग्लंडातील गिल्बर्ट व्हाइट नावाच्या एका खेडेगावच्या धर्मोपदेशकाने १७६८ साली प्रथम नीट दाखवून दिले, की आपल्या गावी लोक ज्यास एकच पक्षी समजतात, ते वस्तुतः तीन निरनिराळे वटवटे आहेत. हा भेद त्यांच्या गाण्यावरून त्याच्या लक्षात आला. आपल्या दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी कर्नल साइक्स याने १८३२ साली लंडन येथे प्रसिद्ध केली. तीत अशाच एका फिकट तपकिरी हिवाळी वटवट्यास त्याने शास्त्रीय नाव देताना चक्क ‘रामा’ हा शब्द योजिला. आजही तो पक्षी साइक्सचा वटवट्या म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या लॅटिन नावात आपला राम कायम आहे.

माझ्या अनुभवाने सांगतो, की रंग पाहण्यापूर्वी वाचकांनी दोन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न : पक्षी कोठे आहे? झाडाच्या शेंड्याकडील दाट पानांत सतत किडे टिपीत असेल, तर तो बहुधा हिरवट पर्णवटवट्या. खाली कुंपणाच्या जाळीत किंवा घाणेरीच्या झुडपात दडून ‘चक्, चक्’ करीत असेल, तर ब्लाइथचा बोरूवटवट्या समजावा. हा फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या प्रदेशात वीण करून येतो. बाभळीच्या विरळ, काटेरी फांद्यांत फिकट तपकिरी वटवट्या दिसल्यास साइक्सचा स्मरावा. आणि सामानगडासारख्या ठिकाणी खडकांवर व झाडांच्या बुंध्यांवर सरपटल्यासारखा फिरणारा, पोटाकडे गंधकासारखी पिवळसर झाक असलेला वटवट्या भेटला, तर तो गंधकी पर्णवटवट्या होय. आपली हिरण्यकेशी आंबोलीच्या दाट अरण्यात उगम पावून आजऱ्यावरून आपल्याकडे येते. तिच्या उगमाकडे जावे तसतसे उघडे माळ मागे पडून उंच, ओले वृक्ष लागतात, आणि तेथे हिमालयातून उतरणारा मुकुटधारी पर्णवटवट्या पाहावयास मिळतो. त्याच्या डोक्याच्या मध्यावर फिकट पट्टा व पंखावर दोन फिकट रेघा असतात. आमच्या आंब्यावरील पक्ष्याच्या पंखावर बारीकशी एकच रेघ असते.

ही वाटणी केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतही वटवट्यांसारखे दिसणारे शंभरावर जातींचे पक्षी आहेत. त्यांचे कूळ अगदी वेगळे. इंग्रजीत नाव तेवढे सारखे. रॉबर्ट मॅकआर्थर या शास्त्रज्ञाने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले, की सूचिपर्णी वृक्षांच्या एकाच रानात पाच जातींचे असे पक्षी सुखाने नांदतात. कारण कोणी शेंड्याकडे, कोणी मधल्या फांद्यांत, तर कोणी खाली बुंध्याजवळ आपले अन्न शोधतो. एका वाड्यात पाच बिऱ्हाडे असावी, आणि प्रत्येकाची चूल निराळी असावी, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रश्न : पक्षी बोलतो काय? येथे डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवणे बरे, कारण खुद्द पक्षीही तसेच करितात. तिबेटच्या उजाड पठारास वळसा घालून हिरवट पर्णवटवट्याच्या शाखा पसरलेल्या आहेत. हिमालयापासून पश्चिमेकडून एक माळ उत्तरेस गेली, पूर्वेकडून दुसरी. वाटेत शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या गाण्यात थोडाथोडा फरक पडत गेला, आणि सैबेरियात दोन्ही टोके पुन्हा एकत्र आली, तेव्हा ती एकमेकांचे गाणे आपले म्हणून ओळखीनाशी झाली. दिसावयास जवळजवळ सारखी, परंतु परस्परांत सोयरीक नाही! डॅरेन अर्विन, स्टाफान बेन्श व ट्रेव्हर प्राइस यांनी २००१ साली हे सप्रमाण मांडले.

आता प्रवासाविषयी. हे इवले पक्षी बहुधा रात्री उडतात. निघण्यापूर्वी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवितात. तीच त्यांची शिदोरी. पहिल्याच वर्षीची पिल्ले आईबापांवाचून वाट काढितात. फ्रान्झ सॉअर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात हाताने वाढविलेले वटवटे कृत्रिम तारांगणाखाली ठेवून पाहिले, तेव्हा ज्यांनी पूर्वी खरे आकाश पाहिलेही नव्हते, ते आपल्या प्रवासाच्या दिशेकडे तोंड करून पंख फडफडवू लागले. दिशेचे ज्ञान रक्तातूनच येते, याहून निराळा अर्थ त्याचा कसा लावावा?

परंतु आजचा लेख लिहिण्यास कारण झाले ते वेगळेच. तामिळनाडूतील मुंडनथुराईच्या अरण्यात मधुसूदन कट्टी व ट्रेव्हर प्राइस यांनी या पक्ष्याच्या हिवाळी राहणीचा अभ्यास केला आहे. तो आपल्याकडे थव्याने राहत नाही. प्रत्येक पक्षी, नर असो वा मादी, काही झाडांची आपली स्वतंत्र हद्द आखतो आणि तेथे एकटा राहतो. सकाळपासून चाललेले ‘चि-विट्’ ही वटवट नसून सरहद्दीवरचा पुकारा असतो.

आमच्या शेजारच्या वाड्यात एक मोठी चिंच होती. तिच्यावरचा पक्षी व आमच्या आंब्यावरचा पक्षी मी कित्येक हिवाळे आळीपाळीने ऐकले. गेल्या ज्येष्ठात वाडा विकला गेला आणि चिंच पडली. आश्विनात आमच्या आंब्यावर एकाऐवजी दोन आवाज आले. चार दिवस पाठलाग, झटापट आणि अखंड ओरडा चालला होता. पाचव्या दिवशी एकच आवाज उरला. दुसरा पक्षी चिंचेवरचाच होता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण त्याच्या पायात ओळखीचे कडे नव्हते. परंतु ज्याची जागा गेली, त्यास शेजारी जागा रिकामी नसते, एवढे मी त्या चार दिवसांत डोळ्यांनी पाहिले. आपण झाड तोडतो तेव्हा ‘पक्षी दुसरीकडे जाईल’ असे म्हणून मनाचे समाधान करून घेतो. परंतु त्या दुसरीकडे आधीच कोणी तरी राहत असतो.

याच सुमारास आमच्याही आंब्याचा प्रश्न निघाला. झाड आता फारसे धरत नाही, पाने गटारात साचतात, मुळांनी परसाची भिंत उचलली आहे. दादांचे म्हणणे एका दृष्टीने रास्तच होते. भिंतीचा खर्च त्यांनाच करावयाचा होता. मी पक्ष्याची गोष्ट काढिली, तेव्हा ते हसून म्हणाले, “पाहुण्याकरिता कोणी घर मोडके ठेवतो का?”

यावर आमच्या वयोवृद्ध आत्या माजघरातून म्हणाल्या, “अरे, तो पाहुणा कसला? पाहुणा चार दिवस राहतो आणि बसून खातो. हा सहा-सात महिने राहतो, झाडावरचे किडे वेचून आपले पोट आपण भरतो. हा तर कूळ!”

सारे हसले, आणि दादाही हसले. १९४८ च्या कूळकायद्याच्या कथा आमच्यासारख्या अनेक घरांत अजून सांगितल्या जातात. काही कडू, काही गोड. जो राबतो त्याचा जमिनीवर काही हक्क असतो, हे पटावयास आमच्या वाडवडिलांना वेळ लागला, परंतु अखेर पटले. वैशाख सरता सरता जाणारा व भाद्रपदात येणारा हा जीव उत्तरेत केवळ विणीपुरता राहतो. वर्षाचा मोठा भाग तो येथे घालवितो. मग त्याचे घर सैबेरियात आहे असे तरी आपण कोणत्या न्यायाने म्हणावे?

आंबा राहिला आहे. भिंतीवर झुकलेल्या दोन फांद्या उतरविल्या, आणि भिंत एक हात आत घेऊन पुन्हा बांधिली. दादांनी खर्चाचा कागद माझ्या हाती देऊन “कुळाकडून वसूल कर” म्हणून सांगितले आहे. वसुली रोज सकाळी आंब्यावर चालते : तुडतुडे, मावा, अळ्या. हिशेब मात्र मला ठेविता येत नाही.

वाचकांनी एवढेच करावे. येत्या पितृपंधरवड्यापासून पंधरा दिवस सकाळी दहा मिनिटे आपल्या परसातील किंवा रस्त्यावरील एखाद्या जुन्या झाडाखाली उभे राहावे. दुर्बीण नसली तरी चालेल, कान पुरेत. पहिला आवाज ज्या दिवशी येईल ती तिथी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि चैत्र-वैशाखात तो कोणत्या दिवशी थांबला तेही टिपावे. तीन-चार वर्षांची अशी टिपणे एका झाडाजवळ जमली, की ते झाड तोडण्याची गोष्ट निघेल तेव्हा आपल्या हाती बोलावयास काही राहील.