कॅमकॉर्डर घेताय? आधी कानाचं ऐका!

"बाळ येतंय, हँडीकॅम घेऊ का?" हा प्रश्न मला अजूनही येतो. २००५ साली यायचा, तस्साच. (हँडीकॅम हे खरं तर सोनीचं नाव, १९८५ सालचं. पण आपल्याकडे प्रत्येक कॅमकॉर्डर हँडीकॅमच, जशी प्रत्येक फोटोकॉपी झेरॉक्स.) विचारणाऱ्यांची कॅटेगरीही ठरलेली. दोघंही नोकरीवाले, पहिलं मूल किंवा आईबाबांची पंचाहत्तरी तोंडावर आलेली आणि हातात बोनसचे पैसे. पुढचा प्रश्नही ठरलेला, "झूम किती एक्सचा बघू?"

मंडळी, झूम जरा बाजूला ठेवा. त्याच्याकडे येऊच.

आधी कडू गोळी. तुमच्या खिशात जो फोन आहे, त्याने कॅमकॉर्डरचं दुकान केव्हाच बसवलंय. २००९ साली आयफोन थ्रीजीएस व्हिडिओ काढायला लागला. त्याच वर्षी सिस्को कंपनीने 'फ्लिप' हा खिशात मावणारा, एका बटणाचा कॅमकॉर्डर बनवणारी कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०११ मध्ये तो धंदा बंदच करून टाकला. दोन वर्षांत खेळ खल्लास! त्यानंतरच्या वर्षांत घरगुती कॅमकॉर्डरची नवी मॉडेल्स हळूहळू कमी होत गेली.

आणि फोन नुसता सोयीचा म्हणून जिंकला, असंही नाही. घरातल्या उजेडात तो खरंच चांगलं काढतो. सोनीचा एएक्स ५३ घ्या, २०१६ सालचा, घरगुती कॅमकॉर्डरमधला चांगला दादा माणूस. त्याचा सेन्सर १/२.५ इंचाचा. हल्लीच्या वरच्या फोनांचा मुख्य सेन्सर १/१.३ इंचाच्या आसपास, म्हणजे बराच मोठा. सेन्सर मोठा म्हणजे उजेड गोळा करायची ओंजळ मोठी. त्यामुळे हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली केक कापताना फोन बाजी मारतो. वाढदिवस, बारसं, गॅलरीतलं पहिलं पाऊल, यासाठी वेगळा कॅमेरा घेऊ नका. स्पष्टच सांगतो.

मग कॅमकॉर्डर कुणी घ्यावा? ज्यांच्या घरात गॅदरिंग आहे त्यांनी! शाळेचं गॅदरिंग, मुलीचं अरंगेत्रम, बाबांच्या हौशी नाटकाचा प्रयोग. तुम्ही अठराव्या रांगेत, मधे सतरा रांगांमधले वर धरलेले फोन. इथे झूम कामाला येतो आणि तोही फक्त ऑप्टिकल, म्हणजे भिंगाचा. त्या एएक्स ५३ ला तो २० एक्स आहे. पूर्वी खोक्यावर ८०० एक्स असं ठसठशीत छापलेलं असायचं, तो डिजिटल झूम. म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठं करायचं. पोळी लाटून मोठी होते, पीठ वाढत नाही, त्यातलाच प्रकार. फोनवर दोन बोटांनी चित्र मोठं करता, तेव्हा भिंगाची हद्द संपल्यावर हेच होतं.

दुसरा मुद्दा दमाचा. तास-दीड तास सलग रेकॉर्डिंग म्हटलं की फोन तापतो, बॅटरी उतरते आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी क्रेडिट कार्ड विकायला फोन करतो. कॅमकॉर्डरला मोठी बॅटरी लावा, ट्रायपॉडवर बसवा आणि स्वतः निवांत बघा. "मग मिररलेस कॅमेरा घेतो की," असं म्हणणारा एकजण ऑफिसात असतोच. घे बाबा, पण सेकंडहँड घेत असशील तर बघून घे. जुन्या बऱ्याच मॉडेल्समध्ये व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांवर बंद पडतो. बिघाड नव्हे, युरोपातल्या जकातीचा परिणाम. अर्ध्या तासाच्या पुढे रेकॉर्ड करणारं यंत्र तिथे 'व्हिडिओ कॅमेरा' म्हणून मोजलं जायचं आणि त्यावर ड्यूटी बसायची, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद अलीकडे कुलूप लावलं.

आता कानाकडे येतो, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

आमच्या घरी एक मिनीडीव्ही कॅसेट आहे, २००४ सालची, चुलतभावाच्या मुंजीची. चित्र आजच्या हिशेबाने अगदीच बेतास बात, ७२० बाय ५७६. मांडवात अंधार, पिवळट तोंडं, बँडवाल्यांवर विनाकारण तीन मिनिटं खर्च केलेली. ते सगळं आम्ही पळवतो. थांबतो एकाच ठिकाणी. मातृभोजन चाललंय आणि कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून आजीचा आवाज येतो, "अगं, फोटो नंतर काढा, त्याला आधी दोन घास खाऊ दे." बस, एवढंच. आजी चित्रात नाहीच. २००७ मध्ये ती गेली. तिचे फोटो अल्बमभर आहेत, पण आवाज फक्त या एका वाक्यात आहे. तोही का आला, तर ती माइकजवळ उभी होती म्हणून.

हा नशिबाचा भाग नाही, साधं गणित आहे. कॅमेऱ्यातला माइक जवळचं ऐकतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाजाचा दाब निम्म्यावर येतो. म्हणून घरगुती व्हिडिओत शूटिंग करणाऱ्याचाच आवाज खणखणीत असतो ("इकडे बघ, इकडे बघ, हास ना!") आणि ज्याचा ऐकायचा तो समोरच्या सोफ्यावरून पुटपुटतो. त्यात वर पंखा.

त्यामुळे माझा सल्ला असा, की कॅमकॉर्डर घ्याच, पण माइकचं भोक असलेला घ्या. तेच ते साधं ३.५ मिलिमीटरचं. हेडफोनचं भोक असेल तर फारच उत्तम, म्हणजे काय रेकॉर्ड होतंय ते तिथल्या तिथे ऐकता येतं. स्वस्तातल्या मॉडेल्समध्ये हीच दोन भोकं गाळलेली असतात आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही. फोनवरच भागवणार असाल तर एक वायरलेस कॉलर माइक घ्या. बाबांच्या शर्टाला लावा, गप्पा सुरू करा, फोन टेबलावर टेकवून ठेवा. दहा मिनिटांनी ते माइक विसरतात आणि मग नोकरीतले, चाळीतले, गावचे किस्से निघतात. हे करून बघा. नॉइज कॅन्सलेशनचं बटण मात्र जपून वापरा. आज कुकरची शिट्टी नकोशी वाटते, वीस वर्षांनी त्याच शिट्टीवरून आईचं स्वयंपाकघर आठवेल.

एक छोटी टिप, कुणी फारशी देत नाही म्हणून. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही ट्यूब आणि एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण ३० किंवा ६० फ्रेम्सच्या व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन २५ किंवा ५० फ्रेम्स निवडा. आयफोनमध्ये त्यासाठी 'पाल फॉरमॅट्स' आधी चालू करावे लागतात. अमेरिकेतून कुणी मावसभाऊ कॅमेरा आणणार असेल तर त्यात पाल आहे का, ते आधी विचारून घ्या.

सध्या कॉलेजवाल्या पोरांत जुन्या कॅमकॉर्डरची फॅशन आलीये. ती धुरकट, तारीख छापलेली 'टू-थाउजंड्स' स्टाइल. छान दिसतं, नाही म्हणत नाही. पार्टी, ट्रिप, रील, जरूर काढा. पण बाळाचं पहिलं वर्ष कॅसेटवर ठेवू नका. साठ मिनिटांच्या मिनीडीव्हीत सुमारे १३ जीबी डेटा असतो आणि तो बाहेर काढायला चालू कॅमेरा हवा, फायरवायरची केबल हवी आणि ती केबल ओळखणारा कॉम्प्युटर हवा. हे तिन्ही दरवर्षी दुर्मिळ होतायत. ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये फायरवायरचा सपोर्टच काढून टाकला. शिवाय आपली दमट हवा! पावसाळ्यात कपाटातल्या टेपला बुरशी धरते आणि तशी टेप घातली की कॅमेऱ्याचं हेडही खराब होतं. ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर काढणारे कॅमेरे आठवतायत? त्यांची आणखी वेगळी तऱ्हा. डिस्क 'फायनलाइझ' केली नसेल, तर ती साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालतच नाही. ज्या कॅमेऱ्यात काढली तो मेला की पंचाईत.

तेव्हा आईवडिलांच्या घरी लॉफ्टवर अशा कॅसेट असतील तर नवा कॅमेरा घ्यायच्या आधी त्या उतरवून घ्या. बोनस तिथे खर्च करा. दुकानदाराला फक्त 'पेनड्राइव्हवर द्या' म्हणू नका, मूळ डीव्ही फाइल मागा. छोटी करून दिलेली कॉपी आत्तेभावांना पाठवायला ठीक आहे.

नव्या फाइल्सचंही तेच. फोरके व्हिडिओ आयफोनवर मिनिटाला साधारण १७० एमबी खातो, आणि कॅमकॉर्डरवर १०० मेगाबिटचं सेटिंग ठेवलं तर तासाला ४५ जीबी. म्हणून हार्ड डिस्क एक नाही, दोन. एक आपल्याकडे, दुसरी भावाकडे किंवा सासरी. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ म्हणजे ओरिजिनल नव्हे, तो दाबून छोटा केलेला असतो. नात्यातल्या कुणी चांगलं काही काढलं असेल तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा. आणि फाइलला नाव द्या. 'आयएमजी ४४१७' वरून कुणाला काय कळणार? तारीख लिहा, जागा लिहा आणि चित्रात न दिसणारं कुणी बोलत असेल तर त्यांचंही नाव लिहा.