हार्डनेसचा एकच आकडा पुरत नाही

‘हार्डनेस बरोबर आला की माल पास’ हे गेल्या अंकातील मत धायरीतल्या लहान कारखानदारांना महागात पडेल. रॉकवेल सी चाचणीत १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू एकूण १५० किलो भाराने पोलादात रुततो आणि उरलेल्या खळग्याची खोली मोजली जाते. पट्टी वाकवताना चिरेल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बेंड टेस्ट हवी, इलाँगेशन (तुटण्याआधी किती लांबते ते) हवे. सिरॅमिक तर एवढ्या भाराखाली तडकते. तिथे विकर्स चाचणीतला हिरा टेकवून ठशाचे कर्ण मोजतात. कोपऱ्यांतून निघालेल्या भेगांच्या लांबीवरून ठिसूळपणाचा अंदाजही येतो. शिवाय पोलादासाठीचे हार्डनेस रूपांतर तक्ते सिरॅमिकला लावणे साफ चूक. ऑर्डर देतानाच बेंड टेस्टचा रिपोर्ट मागावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, धायरी, पुणे