मोजणीतून गळालेला माणूस

मंत्रिपदाची किंमत आमच्या धावड्याला कुणी शिकवायची गरज नाही. रावसाहेब दानवे आमच्याच भोकरदन तालुक्याचे. २०२१ ते २०२४ या काळात ते रेल्वे राज्यमंत्री होते आणि डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुटली. मंत्री आपला असला की फाईल हलते, हे पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यालाही कळतं. तेव्हा ‘मुसलमान मंत्री नसला तर बिघडलं काय?’ असं विचारणाऱ्यांनी हा प्रश्न आधी आपापल्या तालुक्याला विचारावा.

९ जून २०२४ रोजी राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या सरकारचा शपथविधी झाला. पंतप्रधानांसह ७२ जण. त्यात मुसलमान एकही नाही. मंत्रिपद जातधर्म पाहून देत नसतात, असं आपल्याला सुनावलं जातं. मग २७ ओबीसी, १० दलित, ५ आदिवासी, ५ अल्पसंख्याक ही यादी अभिमानानं कशी सांगितली गेली? मोजणी झाली ते चांगलंच झालं. पण २०११ च्या जनगणनेत १४.२ टक्के भरलेला समाज या मोजणीतून गळाला कसा?

म्हणे, आघाडीत मुसलमान खासदारच नव्हता. पण लुधियानात हरलेले रवनीतसिंग बिट्टू मंत्री झालेच ना? संविधान त्यासाठी सहा महिन्यांची मुदत देतं. वाजपेयींच्या आघाडी सरकारात शाहनवाज हुसेन होते, ओमर अब्दुल्ला होते. भाजपच्या २४० जागांना टेकू देणाऱ्या तेलुगू देसमचे १६ आणि जदयूचे १२ खासदार. त्यांनी आपली खाती घेतली. वाट्याच्या एकाही खुर्चीवर मुसलमान बसवला नाही.

आणि याच सरकारनं वक्फ कायद्यात दुरुस्ती केली. मशिदी, दर्गे, कब्रस्तानं यांच्या जमिनींचा हा कायदा. एप्रिल २०२५ मध्ये तो संसदेत मंजूर झाला. वक्फ मंडळांवर दोन बिगरमुस्लिम सदस्यांची तरतूद त्यात आली. आमच्या कब्रस्तानाच्या कारभारात दुसऱ्यांचा आवाज हवा, मात्र देशाच्या कारभारात आमचा नको! हा कुठला न्याय?

विरोधकांनीही टाळ्या वाजवू नयेत. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीनं महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी एकीवरही मुसलमान उमेदवार दिला नाही. मतं मात्र मागितली.

आता थोडं आपल्याविषयी. मंत्री असला म्हणजे समाजाचं भलं होतंच, असं नाही. काँग्रेसच्या राजवटीत मुसलमान मंत्री पुष्कळ झाले. तरीही २००६ मध्ये सच्चर समितीला आपली दैना नोंदवावी लागली. म्हणून शोभेचा बाहुला आम्हाला नकोच. निर्णय होतो त्या टेबलाशी बसून ‘हे चूक आहे’ म्हणणारा माणूस हवा. ती मेहेरबानी नव्हे, नागरिकाचा हक्क आहे. आणि तो हक्क आपण मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला, मत देण्याआधीच विचारला पाहिजे.