अंतर मिटले, अनुशेष उरला

कोळशाच्या खाणीजवळ कारखाना आणि बंदराजवळ गिरणी, ही उद्योगांची जुनी सक्ती माहिती तंत्रज्ञानाला लागू नव्हती. त्यामुळे तार पोहोचेल तेथे काम पोहोचेल आणि महानगरांकडे धावणारे लोंढे थोपतील, अशी आशा बाळगली गेली. महाराष्ट्रात मात्र नेमके उलटे घडले. अंतराचे महत्त्व कमी करणारा हा उद्योग प्रामुख्याने मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुणे या पट्ट्यातच एकवटला.

फ्रान्स्वा पेरू या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने १९५५ मध्ये विकासकेंद्राची कल्पना मांडली. विकास सर्वत्र एकाच वेळी होत नाही. तो काही बिंदूंवर उगम पावतो आणि तेथून पसरतो, असा तिचा आशय. नियोजनकारांनी यातील 'पसरतो' या शब्दावर भिस्त ठेवली. तथापि, गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ मध्येच दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधले होते. केंद्र भोवतालच्या प्रदेशातील भांडवल आणि तरुण माणसे ओढूनही घेते.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे जाळे, मुंबईचे सान्निध्य आणि हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाने उपलब्ध केलेली जमीन यांमुळे येथे कंपन्या आल्या. कंपन्या आहेत म्हणून कुशल मनुष्यबळ आले आणि मनुष्यबळ आहे म्हणून आणखी कंपन्या आल्या. लातूर, अमरावती वा जळगावचा पदवीधर साहजिकच पुण्याची गाडी धरतो. या ओढीचा ताण केंद्रालाही सोसवत नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन झाले ते डिसेंबर २०१८ मध्ये. म्हणजे उद्योग वसल्यानंतर सुमारे दोन दशकांनी.

विकेंद्रीकरणाचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. नागपूरच्या 'मिहान' प्रकल्पासाठी २००२ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. जमीन, विमानतळ आणि विशेष आर्थिक क्षेत्राच्या सवलती, असे सारे तेथे होते. तरीही टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांसारख्या कंपन्यांचे काम तेथे सुरू होण्यास दशकाहून अधिक काळ लोटला. केवळ भूखंड आणि करसवलत यांतून विकासकेंद्र जन्मत नाही, हाच याचा अर्थ. नोकरी बदलायची झाल्यास त्याच शहरात दुसरी मिळेल, अशी खात्री तरुणांना हवी असते. ती मिळेपर्यंत एकट्यादुकट्या संकुलाचा प्रभाव मर्यादितच राहतो.

माहिती साठवणाऱ्या डेटा सेंटरचेही तसेच. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. म्हणून ही केंद्रे नवी मुंबईत उभी राहतात. त्यांत गुंतवणूक प्रचंड, पण रोजगार तुलनेने तुटपुंजा. गुंतवणुकीचे आकडे पाहून प्रादेशिक समतोल साधला गेल्याचे मानणे त्यामुळे फसवे ठरेल.

तामिळनाडूने वेगळा मार्ग चोखाळला आहे. चेन्नईत २००० मध्ये उभ्या राहिलेल्या 'टायडल पार्क'च्या धर्तीवर, पण लहान आकाराची संकुले त्या राज्याने २०२४ मध्ये विलुप्पुरम, तंजावर व सेलम येथे सुरू केली. एकच अवाढव्य प्रकल्प उभारण्याऐवजी अनेक मध्यम शहरांत तयार जागा द्यायची, असा हा विचार आहे. त्याचे यशापयश अद्याप ठरायचे आहे. परंतु माणसांना कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसांकडे नेण्याची ही दिशा महाराष्ट्राने अभ्यासण्याजोगी आहे.

दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण अशा क्षेत्रांतील अनुशेष मोजला. मोजला म्हणूनच त्यावर राजकीय दबाव निर्माण झाला. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ते व्यासपीठही ओसरले. आता जिल्हावार डिजिटल रोजगाराचा, इंटरनेटच्या दर्जाचा आणि स्थलांतरित पदवीधरांचा हिशेब मांडणे गरजेचे आहे. जो अनुशेष मोजलाच जात नाही, तो भरून काढण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.