सायकलचा टायर घेताना

राळेगणसिद्धीचे डांबर सोडून सायकल शेतवाटेला लागली की परीक्षा टायरची. बांधाला बाभळी, वाटेवर सराटे. बारीक टायर डांबरावर भन्नाट पळतो. पण पंक्चर झाले की मजुराचा अर्धा रोज बुडतो, मुलीचा पहिला तास जातो.

म्हणून नुसता जाडजूड टायरही नको. जाड रबर प्रत्येक फेऱ्याला दबते, त्यात पायांची ताकद जाते. आपल्या काळ्या सायकलीचा २८ × १½ इंची टायर (बाजूवर ४०-६३५ असेही छापलेले असते) त्यातल्या त्यात बरा. मधोमध सलग पट्टी असलेला पाहा. खोल नक्षी डांबरावर नुसती घरघरते. पैसे एकाच दणकट टायरपुरते असतील तर तो मागे घाला, भार तिथेच जास्त. सराटा जाड रबरात अडकतो. बाभळीचा लांब काटा मात्र कुणाला जुमानत नाही!

हवा कमी ठेवू नका. खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. आणि नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसा. काट्याचे टोक राहिले असेल तर फडके तिथे अडकते.