‘कायम’ची मुदत

‘पर्माफ्रॉस्ट’ हे नाव कायम गोठलेल्या जमिनीची ग्वाही देते. शास्त्राला मात्र सलग दोन वर्षे शून्य अंश वा त्याखालील तापमान पुरते. अल्पमुदतीच्या ठेवीला चिरस्थायी म्हणावे, तसा हा प्रकार! अलास्कातील क्विन्हागाकजवळ नुनालेक या जुन्या युपिक वसाहतीचे उत्खनन २००९ मध्ये सुरू झाले. लाकडी मुखवटे, विणलेले गवत, कातडे शतकानुशतके गोठून टिकलेले निघाले. जमीन वितळली की हे सारे कुजते. किनारा तर समुद्र गिळतोच आहे. वारसा जागच्या जागी राखावा हे सूत्र एरवी शहाणपणाचे. येथे ‘जतन’ म्हणजे वेळीच खणून काढणे. पण ‘कायम’ म्हटलेल्या गोष्टीसाठी घाईने पैसा कोण देणार? ऑक्टोबर २०२५ च्या वादळात तो किनारा ढासळला आणि विखुरलेल्या वस्तू किनाऱ्यावरून वेचाव्या लागल्या.