तीन किलोवॅट छतावर, तरी घरात अंधार



आज जरा भांडायचंच आहे. आपल्या नांदेड-लातूरकडच्या घरांत सध्या एक नवा रुबाब आलाय : "आमच्याकडे सोलर आहे!" मंदिराच्या पायऱ्यांवर, भिशीत, लग्नात, कुठेही ऐका. मी मात्र एकच प्रश्न विचारते, "लाइट गेल्यावर ते चालतं का गं?" मग समोरची गप्प होते. "नाही बाई, तेव्हा इन्व्हर्टरच लागतो. का ते ह्यांना विचारायला हवं."

ह्यांना विचारायची गरज नाही, मी सांगते. छतावरचं नेहमीचं सोलर विजेच्या लाइनला जोडलेलं असतं. लाइन बंद पडली की त्याचा इन्व्हर्टरही मुद्दाम बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरातून उलट्या गेलेल्या विजेचा धक्का बसेल. नियम योग्यच आहे. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर अंधारातही वीज मिळते, पण त्याचा खर्च वेगळा. म्हणजे भर मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, डोक्यावर आग ओकणारा सूर्य, छतावर तीन किलोवॅटच्या पाट्या, आणि खाली आजेसासूबाई पुठ्ठ्याने वारा घेतायत!

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. बिल कमी होतं, चांगलीच गोष्ट आहे. माझी तक्रार वेगळी आहे. त्या व्यवहारात बाई कुठे होती? बिल सासऱ्यांच्या नावाचं, छत सासऱ्यांचं, सही नवऱ्याची, बोलणी एजंटशी. आपण चहा दिला. आणि जी भाड्याच्या घरात राहते, जी लेक लातूरला नीटच्या क्लाससाठी खोली घेऊन राहिली आहे, तिला तर छतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : प्रत्येक बाईकडे स्वतःच्या हाताने जोडलेला, उचलून नेता येईल असा एक सौर डबा हवा. सोन्याच्या बांगडीसारखा तिचा स्वतःचा. घर बदललं तर तो तिच्याबरोबर जाईल.

"आम्हाला वॅट-बिट कळत नाही" हे मला सांगू नका. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा कोणता हंडा प्यायला आणि कोणती बादली भांड्यांना, हा हिशोब कुणी केला? पुरुषांनी नाही केला. तोच हिशोब इथे आहे. बॅटरी म्हणजे टाकी. पॅनल म्हणजे टाकी भरणारा नळ. दिवा-पंखा म्हणजे खालची तोटी. वस्तूचे वॅट गुणिले चालण्याचे तास, म्हणजे किती पाणी लागलं ते.

माझ्या डब्याचा हिशोब मांडते. पाच वॅटचे तीन एलईडी दिवे, चार तास : 60. बारा व्होल्टचा वीस वॅटचा टेबल फॅन, आठ तास : 160. दोन मोबाइल : 30. वायफायचा डबा, दहा वॅट, चार तास : 40. एकूण 290 वॅट-तास. बॅटरी घेतली 12.8 व्होल्ट, 30 अँपिअर-तासाची. गुणाकार करा, 384 होतात. पॅनल 100 वॅटचं. आपल्याकडच्या उन्हात धूळ, उष्णता, तारांतली गळती वजा करून दिवसाला साधारण साडेतीनशे देतं. झालं, जमा खर्चापेक्षा जास्त. पावसाळ्यात ढग असले की निम्मंही मिळत नाही, तेव्हा पंखा कमी लावायचा.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. इन्व्हर्टरखालची ती अवजड ॲसिडची बॅटरी आठवा. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर कोण घालतं? आपणच, साडी सावरत. घरातल्या विजेत आपल्या वाट्याला आलेलं काम तेवढंच! ही नवी बॅटरी चार किलोच्या आसपास असते आणि तिला पाणी लागत नाही. दोघींच्या मध्ये एक चार्ज कंट्रोलर लागतो. त्यात या बॅटरीचं सेटिंग आहे ना, एवढं दुकानदाराला ठणकावून विचारा.

आता चार गोष्टी, ज्यात हयगय नको. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरातच 15 अँपिअरचा फ्यूज. तार तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएमची. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल. आणि काम करताना बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, मंगळसूत्र पदरात खोचा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण दोन टोकांवर धातू आडवा पडला तर तो क्षणात लालबुंद होतो. पॅनल उन्हात, डबा मात्र घरात सावलीला. आपल्या उन्हाळ्यातल्या गच्चीवर बॅटरी ठेवली तर तिचं आयुष्य घटतं.

यावर मिक्सर, फ्रिज, इस्त्री, गिझर चालणार नाहीत. घरात कुणाला ऑक्सिजनचं मशीन लागत असेल तर त्यासाठी मोठी, खात्रीची सोय वेगळी करा. पण रात्री दोन वाजता वीज गेल्यावर बाळंतिणीच्या खोलीत वारा आणि उजेड राहतो. खर्च इन्व्हर्टर-बॅटरीच्या नेहमीच्या जोडीहून कमी येतो.

"हे बायकांचं काम नाही" म्हणणाऱ्यांना लातूरचंच उत्तर आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. पुढे तिच्या सख्यांनी लातूर-धाराशिवच्या खेड्यांत सौर दिवे आणि कमी धुराच्या चुली दारोदार जाऊन विकल्या. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात शाळेची पायरी न चढलेल्या आज्या सौर दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकतात. आपल्या बीकॉम, बीएस्सी झालेल्या सुना मात्र फ्यूज उडाला की नवऱ्याची वाट बघत बसतात! वायरमनला बोलवा जरूर, घराच्या 230 व्होल्टच्या लाइनला हात लावू नका. पण बारा व्होल्टच्या डब्यालाही "आपलं काम नाही" म्हणणं हा निव्वळ आळस आहे, आणि त्याला मर्यादा असं गोड नाव दिलंय.

दुसरा आक्षेप धर्माचा. काहीजणी मला म्हणाल्या, "सोलर म्हणजे अहिंसक वीज, पुण्यच." हेही मला पटत नाही. पॅनलची काच भट्टीत तयार होते, लिथियम जमिनीतून उपसावं लागतं. हिंसा तिथेही आहे. आणि चातुर्मासात दिव्यावर झडप घालणारा किडा, वीज कुठून आली ते विचारत नाही. पुण्याचा शिक्का मारून आठ-आठ दिवे लावायचे असतील तर ते अनर्थदंडच. आपण परिग्रह-परिमाण व्रत म्हणतो, रिकाम्या खोलीतला दिवा विझवा म्हणून मुलांना ओरडतो, पण मीटरच्या विजेला तळ दिसत नाही. डब्याला तळ दिसतो. 384 संपले की संपले. व्रताची मर्यादा रोज आकड्यात दाखवणारी दुसरी वस्तू माझ्या घरात नाही.

रात्रीभोजन-त्याग पाळणाऱ्या घरांत स्वयंपाकघर सूर्यास्ताआधी आवरतं. म्हणजे आपली रात्रीची गरज मुळातच थोडी : सामायिक, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचा वारा. एवढीशी गरज भागवायला आपल्याला कुणाच्या सहीची वाट पाहायची वेळ यावी?

आज रात्री एक करा. वहीत तीनच रकाने आखा : वस्तू, वॅट, तास. वॅट वस्तूच्या मागे छापलेले असतात. बेरीज करा आणि मगच दुकानात जा. बेरीज हातात असली की दुकानदार दुप्पट मोठी बॅटरी गळ्यात मारू शकत नाही.

आणि ज्यांच्याकडे यंदा लेकीचं लग्न आहे त्यांना एक सांगणं. रुखवतात साखरेचा बंगला मांडू नका. लेकीने स्वतः जोडलेला सौर डबा मांडा, आणि फ्यूज कुठे आहे हे पाहुण्यांना तिलाच सांगू द्या.